रिकाम्या पोटाची उलटी

सुताराच्या पोटाचं दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं, त्या दुपारी त्याची बायको वॉर्डाबाहेरच्या बाकावर डाळिंब खात बसली होती. सकाळपासून जीव टांगणीला लागलेला. आता कुठे घास घशाखाली उतरत होता. टाके आधी एकदा उसवले होते. पुन्हा उसवले तर माणूस हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलेलं. म्हणून उलटी होऊ नये याचं इंजेक्शन, पाण्याचा थेंब नाही, आणि ढवळलंच तर मान कुशीला वळवून पोटावर उशी दाबून धरायची.

तरी त्याला उलटी झालीच. सिस्टरना आधी रक्तच वाटलं. मग त्यांनी भांडं उजेडात धरलं आणि तिच्यावर उखडल्या. आत चावलेले डाळिंबाचे दाणे होते.

"मी नाही हो दिलं," ती म्हणाली. "मीच खाल्लं... बाहेर बसून."

कोण विश्वास ठेवणार? पण संध्याकाळी ती चहा प्यायली आणि त्याच्या भांड्यात चहा आला, वासासकट. बाई मुळात हट्टी. माझ्या पोटातलं याच्या तोंडून येणार असेल तर माझं पोट गेलं खड्ड्यात, म्हणाली आणि अन्नपाणी सोडून बसली. आणि काय सांगावं, उलट्या थांबल्या की! इंजेक्शन लागू पडलं म्हणून सिस्टर खूश. हिला उभं राहवत नव्हतं, पण तीही खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा ओकायला लागला. तिनं मान वळवली, उशी दाबली. पट्टीवर लाल डाग फुटला. भांड्यात दूध होतं, त्यात भिजलेलं बिस्कीट.

तिनं तर पाणीही घेतलं नव्हतं. तिनं घरी फोन लावला. लेकीला धाकटी बहीण सांभाळत होती.

"चिमीला... काय दिलंस?"

"दूध-बिस्कीट, आत्ताच. गुणाची गं पोर, अजून मागतेय. देऊ ना, ताई?"

ऑपरेशनपासून तो एक शब्द बोलला नव्हता. फोनमधलं त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. डोळे मिटलेलेच ठेवून तो हळूच म्हणाला,

"नको म्हण... तिला."

तिचा एक हात त्याच्या पोटावरच्या उशीवर होता. दुसऱ्या हातात फोन. फोनमध्ये वाटीवर चमचा वाजला.