खुब्यातला डाग

"तीन तास थांबायचं आणि पाणी पीत राहायचं," असं म्हणून स्कॅन करणाऱ्या ओमकारने वेदिकापुढे पाण्याची बाटली ठेवली.

ती हातखंब्याच्या शाळेत शिकवायची. जांभ्याच्या पायरीवरून घसरल्यापासून तिचं पाऊल दुखत होतं, म्हणून डॉक्टरांनी तिला रत्नागिरीला हाडांच्या स्कॅनसाठी पाठवलं होतं. इंजेक्शन झालं होतं. औषध हाडांत उतरेपर्यंत बसून राहायचं.

"सोबत कोणी नाही आलं?" त्याने विचारलं.

"पाय दुखतोय, तोंड नाही."

तो हसला... आणि बाटली रिकामी झाली का, हे बघायला चारदा येऊन गेला.

पाऊल महिन्याभरात बरं झालं. पण रिपोर्टमध्ये भलतंच निघालं – उजव्या खुब्यात एक गडद डाग. तिथे तर तिला कधी काही दुखलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, तीन महिन्यांनी एमआरआय करून खात्री करू. ओमकारनेही फोन करून धीर दिला. दुखत नसेल तर असे डाग बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, आम्ही नेहमी बघतो, म्हणाला. मग तो रोजच फोन करू लागला. भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत चालताना एका संध्याकाळी त्याने तिचा हात धरला, आणि तिने सोडवून घेतला नाही.

"आपलं घरी कधी सांगतोस?" तिने विचारलं.

"एमआरआय होऊ दे ना... हाडात डाग म्हटलं की आई कॅन्सरच समजेल."

"आणि तू काय समजतोस?"

तो लाटांकडे बघत राहिला. "रिपोर्ट येऊ दे, वेदिका."

त्यानंतरचे पंधरा दिवस तिने रात्री खुबा चाचपून काढले.

रिपोर्ट आला. हाडाच्या ठेवणीतला जन्मापासूनचा साधा फरक होता, उपचारांचीही गरज नव्हती. ओमकार धावतच बाहेर आला. "आजच सांगतो आईला!"

"काय सांगशील? मी पास झाले म्हणून?"

"रागावलीस?"

"तू घाबरलास म्हणून नाही. मीही घाबरले होते." तिने रिपोर्टची घडी घातली. "दोघं मिळून घाबरलो असतो, ओमकार... तू मला एकटीला सोडलंस."

त्याने हात पुढे केला. तिने रिपोर्ट पर्समध्ये ठेवला आणि ती स्टँडकडे चालू लागली. त्याने दोनदा हाक मारली. ती थांबली नाही.

घरी आईने दारातच विचारलं. "काही नाही निघालं," वेदिका म्हणाली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागली.

जीव भांड्यात पडला पोरीचा, असं समजून आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.