दगडी कोठीचं दार

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. जगभर फिरून आलेला फ्लू, गावकरी म्हणत तो लाग्रिप, त्या वर्षी ऐन ऊसतोडीत पोर्ट लुईच्या उत्तरेला, प्लेन दे पपाय नावाच्या गावात पोचला.

विद्यावती तिथल्या दवाखान्यात नर्स होती. गाव तिच्या आईचं. लहानपणी सुट्टीत आलं की उकळत्या रसाचा गोड वास पार अंथरुणात यायचा, आणि आई, देवकी, तिचा हात धरून उसातल्या वाटेनं न्यायची. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. पण तो वास आला की विद्यावतीला अजून कुणी हात धरल्यासारखं वाटे.

एके दुपारी मळ्याचा सरदार, म्हणजे मजुरांचा मुकादम, गोवर्धन दवाखान्यात आला.

"मिस, आजारी माणसं उसातल्या दगडी कोठीत ठेवायची हायेत. भायेरनं कुलूप. न्हायतर सगळे पडतील, तोड थांबल. साहेबाला तुमची सही पायजे."

"आणि जेवण?"

"खिडकीतनं." गोवर्धनची नजर खाली होती. "माझी बायकोबी तापात हाय, मिस. मी तरी काय करू?"

कोठी पाहिल्याशिवाय सही करायची नाही, असं ठरवून विद्यावती निघाली. चार वाजले होते, चांगलं ऊन होतं. दार लोटलं, तर आत गार काळोख. भिजलेल्या गोणपाटाचा वास, आणि कापराचा.

कोपऱ्यात कुणीतरी खोकलं.

"कोण आहे?"

पुन्हा खोकला. सहीआधीच कुणाला आणून टाकलं की काय, या संतापानं ती चाचपडत पुढं गेली. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी भिंतीला टेकून बसली होती. अंग निखाऱ्यासारखं. विद्यावतीनं तिच्या काखेत थर्मामीटर लावला.

"नाव काय बाय तुझं?"

"कुंती..." आवाज अगदी बारीक. "कडी काढलीस?... देवकीला आत नको आणूस... ल्हान हाय ती..."

विद्यावतीनं ते नाव ओळखलं. कुंती म्हणजे आईची थोरली बहीण. एकोणीस सालच्या लाग्रिपात गेली, एवढंच आई सांगायची. कुठं गेली, कशी गेली, ते कधीच नाही. फक्त कुणी बाहेरून दार ओढून घेतलं की आई किंचाळायची.

तिनं थर्मामीटर दाराच्या उजेडात धरला. एकशे चार. वळून पाहिलं, तर कोपऱ्यात नुसती भिंत.

ती पळाली नाही. उंबऱ्यावर बसून पोटभर रडली. मग हळूच म्हणाली, "मावशी, दार उघडंच ठेवते गं."

सही तिनं केली नाही. "माणसं आपापल्या घरी राहतील," तिनं गोवर्धनला बजावलं. "शेजारणी पेज पोचवतील. मजुरी कापली, तर मी पोर्ट लुईला, सरकारला लिहीन. साहेबाला सांगा."

गोवर्धननं घरून कुऱ्हाड उचलली. तो थेट उसात गेला आणि कोठीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून आला.

तोड तीन आठवडे रखडली. साहेब चिडला, विद्यावतीची बदली रोझ हिलला झाली. गावात दोन म्हातारी माणसं दगावली. पण शेवटच्या घटकेला दोघांच्याही उशाशी त्यांची माणसं होती.

तो थर्मामीटर मात्र कितीही झटकला तरी पारा उतरेना. टाकवेनाही. तिनं तो रुमालात गुंडाळून पेटीत ठेवला, वरून कडी लावली. नऊ वर्षांनी, रोझ हिलचं घर आवरताना, तो पुन्हा हाती लागला. तिनं खिडकीशी नेऊन पाहिला.

बंद पेटीत पारा एकशे पाचावर गेला होता.