टोल्याची हाक

चिचघाट हिंगणीपासून चार मैलांवर आहे. गावात पावणेदोनशे घरं, आणि नाल्यापलीकडे गोंडटोल्याची एकोणीस. मी तिथल्या ग्रामपंचायतीचा शिपाई होतो. नळाची टाकी भरायची, सभेच्या दिवशी सतरंजी अंथरायची, चहा सांगायचा आणि दवंडी द्यायची, ही माझी कामं. दवंडी पूर्वी ज्या घराण्याकडे होती, त्यांनी छप्पन साली दीक्षा घेतल्यावर ते काम सोडलं. बरोबर केलं. पुढं पंचायत झाली तेव्हा तिनं पगारी माणूस ठेवायचं ठरवलं. मी बिनजमिनीचा कुणबी, मला विचारलं, मी हो म्हणालो. माझे भाऊबंद हसायचे. "काहो तानबाजी, डफडं वाजवून पोट भरते का?" माझी बायको कोकिळा त्यांना म्हणायची, "तुमचं तोंड दिवसभर वाजते, त्याचा कोणी पगार देते का?"

गावात पाच वस्त्या होत्या. मधे आमचा कुणबीपुरा. रस्त्याला लागून बाजारओळ, तिथं मोतीलाल आणि इतर मारवाडी दुकानदारांची घरं. विहिरीच्या अंगाला पिंजाऱ्यांचा मोहल्ला. पूर्वेला बौद्धपुरा. आणि नाल्यापलीकडचा गोंडटोला, जो सगळ्यांच्या आधीचा. बाकीच्यांना मालगुजारानं एकेका कामासाठी आणून वसवलं होतं, असं म्हातारे सांगत.

दवंडीला डफडं लागतं. मयताच्या हाकेला लागत नाही. ती फक्त तोंडी. वस्तीच्या तोंडाशी उभं राहायचं, डोक्याचा शेला काढायचा आणि मेलेल्याचं नाव घेऊन तीनदा सांगायचं, ज्या त्या वस्तीच्या बोलीत. मोहल्ल्यात त्यांच्यासारखं, बाजारओळीत त्यांच्यासारखं, टोल्यात गोंडीत. प्लेगच्या साली म्हणे नुसत्या अफवेवर एका जित्या माणसाला सरणावर ठेवलं होतं. तेव्हा पाचही वस्त्यांच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं की हाक आल्याशिवाय कोणाला मेला म्हणायचं नाही. हाक आली की ती वस्ती चुली विझवते, आणि घरटी एक माणूस एक लाकूड घेऊन मसणात येतो. मोहल्ल्यातलेही येत. त्यांच्याकडे कोणी गेलं की आम्ही मातीला जायचो.

मला गोंडी येत नव्हती. कोकिळाला यायची. तिचं माहेर कारंज्याकडचं, गोंडांच्या शेजारात वाढलेली. टोल्यातल्या हाकेचे शब्द तिनंच मला शिकवले. चुलीपुढं बसून माझ्याकडून दहादा म्हणून घेतले. "नीट म्हणा. नाई तं मेलेला उठून बसन." असं म्हणून पदर तोंडाला लावून हसली होती.

दर गुरुवारी ती टोल्यात जायची. रुख्माबाई मडावी म्हणून एक म्हातारी होती, तिच्या अंगणात बसून दोघी पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचायच्या. कोकिळा डावखुरी. तिच्या पत्रावळीतल्या काड्या उलट्या बाजूनं गेलेल्या असत. मोतीलालच्या दुकानात दहा गठ्ठ्यांत तिचा गठ्ठा वेगळा काढता यायचा. तो म्हणायचा, "भाभी की पत्रावळ उलटी हाय, पण वरण गळत नाई."

अठ्ठ्याहत्तर सालच्या कार्तिकात ती काविळीनं गेली. वीस दिवस अंथरुणाला होती. डोळे हळदीसारखे झाले, पाय सुजले, शेवटी पाणीही जाईना. सकाळी आठच्या सुमारास संपलं.

आमच्याकडे ज्याच्या घरी मयत, तो बाहेर पडत नाही. पण हाक देणारा मीच. सरपंच अण्णाजी उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "तानबा, कसं करू बाप्पा? दुसऱ्या कोणाले जमत नाई." मी शेला घेतला आणि निघालो. पहिली हाक माझ्याच वस्तीत दिली. मग बाजारओळ, मोहल्ला, बौद्धपुरा. चार झाल्या तोवर दुपार उलटून गेली होती. अण्णाजी म्हणाले, "आता नाल्यापलीकडे नको जाऊ. प्रेत किती वेळ ठेवशीन? टोल्यात मी कोणाले तरी पाठवतो." मी बरं म्हणालो. पाय थकले होते हे खरं. पण तिचं नाव घेऊन तिनंच शिकवलेले शब्द म्हणायचे, हे माझ्याच्यानं झालं नसतं, हे जास्त खरं.

अण्णाजींनी ग्रामसेवकाला सांगितलं. ग्रामसेवकाला वाटलं, दुसरं कोणी गेलं. कोणीच गेलं नाही. मसणात टोल्याचं एकही लाकूड नव्हतं. मी त्या दिवशी लाकडं पाहिली नाहीत.

महिन्यानं पंचायतीची सभा होती. टोल्याचे मेंबर रूपराव उईके आले. त्यांच्या बगलेत पत्रावळींचा गठ्ठा होता. तो माझ्या हातात देऊन म्हणाले, "घे. कोकिळावैनीनं देल्ल्या. म्हणे, मारुतीच्या पंगतीले लागतीन."

मी गठ्ठा सोडला. पानं हिरवी होती. काड्यांची टोकं ओली होती, बोटाला चिकट लागली. आणि काड्या उलट्या बाजूनं गेलेल्या होत्या.

"कवा देल्ल्या?" मी विचारलं.

"आज सकाळी. का बा? भांडण गिंडण झालं का तुमचं? दिवसभर टोल्यातच राह्यते, म्हणून इचारतो."

मी गठ्ठा कोपऱ्यात ठेवला. सतरंजी अंथरली, चहा सांगून आलो. सभेत नळाच्या पाइपावरून दोन तास वाद झाला. मी दाराशी बसून होतो. एक शब्द कानात गेला नाही.

गुरुवारी टोल्यात गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. रुख्माबाई अंगणात पानं निवडत होती. मला पाहून म्हणाली, "आता आला का? आत्ताच उठून गेली. नाल्यावर गेली असन."

तिच्यासमोर पोत्याचा तुकडा अंथरलेला होता. त्यावर अर्धी टाचलेली पत्रावळ. मी पोत्यावर हात ठेवला. अंगण सावलीत होतं, थंडीचे दिवस होते. पोतं गरम होतं.

नाल्यावर दोन बायका धुणं धूत होत्या. त्या म्हणाल्या, "कोकिळाबाई? आता तं टोल्याकडे गेली. तुमाले नाई भेटली?" टोल्यातून नाल्यावर यायला एकच पाऊलवाट आहे. मी तिच्यावरूनच आलो होतो.

रुख्माबाईला मी म्हणालो, "मावशी, गावात काही ऐकलं नाई का तुमी?"

"ऐकलं न. बाजारात एक जण म्हणे, कोकिळा मेली. मी त्याले अशा शिव्या देल्ल्या का त्याच्या सात पिढ्याइले पुरतीन. सकाळीच तं ती माह्या आंगणात बसली होती. अन् मेली असती तं हाक आली नसती का? हाक देणारा तिचाच नवरा हाय."

मी खाली पाहिलं.

मग मी दर गुरुवारी जाऊ लागलो. मला ती कधी दिसली नाही. पत्रावळ अर्धी असायची, पाण्याचा लोटा अर्धा असायचा. एकदा तिचं निळं लुगडं घेऊन गेलो आणि रुख्माबाईकडे दिलं. पुढच्या गुरुवारी ते धुऊन कुंपणावर वाळत घातलेलं होतं, पदराचं टोक बाभळीच्या काट्यात अडकवलेलं, ती घरी अडकवायची तसं. टोल्यातली माणसं तिचं काय काय सांगायची. कोणाच्या लेकराचं पोट चोळून दिलं, रूपरावांच्या सुनेला लोणच्यावरून बोलली. मी ऐकत बसायचो. भाकर दिली तर खायचो. कार्तिकानंतर पहिल्यांदा मला भूक लागायला लागली होती.

माझ्या वस्तीत पहिली हाक मीच दिली होती, म्हणून मला ती दिसत नसेल, असं मला वाटे. यापेक्षा जास्त मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही.

माघात अण्णाजींना कळलं की टोल्यात हाक गेलीच नाही. त्यांनी कपाळाला हात लावला. "चूक माही हाय. पण आता तू जाऊन देऊन ये. असं मयत अर्धं ठेवू नाई."

"जाईन," मी म्हणालो.

गेलो नाही. म्हणजे गेलो, पण हाक द्यायला नाही.

फाल्गुन लागला आणि एका गुरुवारी रुख्माबाईनं मला बसायलाही सांगितलं नाही. "तानबा, तू कसा माणूस हायेस? बायकोचे डोळे पिवळे झाले, दिसत नाई का तुले? पाय असे सुजले. भाकर खात नाई. नाल्याच्या काठी बसून राह्यते. मी म्हटलं, घरी जा वं बाई. तं म्हणते, मले नाला वलांडता येत नाई. जाऊ देत नाई."

"कोण जाऊ देत नाई?"

रुख्माबाई माझ्याकडे पाहत राहिली. "तुह्यं नाव घेते," ती म्हणाली.

मी घरी आलो. तो दुखण्याचा कितवा दिवस असेल, हे रुख्माबाईच्या सांगण्यावरून लावलं. पाचवा. आमच्या घरी पाचव्या दिवशीच पाय सुजायला लागले होते. मनाशी म्हटलं, विसाव्या दिवशी सुटेल. तिचं तिनंच सुटेल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. असं मी म्हटलं, हे लिहून ठेवतो.

विसावा दिवस आला. टोल्याकडून कोणी आलं नाही.

एकविसावा गेला. बाविसावा गेला.

पंचविसाव्या दिवशी रूपराव पंचायतीत आले, ते ओरडतच. "तानबा! अरे वैनीले दवाखान्यात काऊन नेत नाई? चार दिवसांपासून निसती तडफडून राह्यली. पाणी तोंडात घालतो तं बाहेर येते. आमच्या बायका रडून राह्यल्या. असं तं जनावरालेही कोणी ठेवत नाई."

मोतीलाल काही कामानं तिथं बसला होता. त्यानं कोकिळाच्या सरणावर लाकूड ठेवलं होतं. तो उठून उभा राहिला आणि माझ्याकडे पाहिलं. 

मी शेला घेतला आणि निघालो.

चैत्र लागला होता. भर दुपार. नाला आटून मधे डबकं उरलं होतं. टोल्याच्या वाटेवर मोहाची फुलं पडलेली, सडल्यासारखा गोड वास येत होता. चुलींचा धूर दिसत होता. कुठंतरी कोणीतरी कण्हत असेल म्हणून मी कान देऊन चाललो. मला काहीच ऐकू आलं नाही. कुत्रीही गप्प होती.

टोल्याच्या तोंडाशी मोहाचं झाड आहे. तिथं उभा राहिलो. शेला काढला.

पहिली हाक दिली. तिचं नाव, मग माझं नाव, मग ते शब्द.

एका दारात बाई आली. हातात उलथनं होतं. ती तशीच थांबली.

दुसरी हाक दिली. रुख्माबाई बाहेर आली आणि अंगणात खाली बसली.

तिसऱ्यांदा तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा श्वास घेतला, तिचं नाव ओठांवर आणलं.  मी तोंड उघडं ठेवून उभा होतो.

आणि चुलींवर पाणी पडल्याचा आवाज झाला. एका घरात, मग दुसऱ्या, मग सगळ्याच. एकोणीस घरांच्या छपरांतून वाफ निघाली आणि धूर थांबला.

बाया रडू लागल्या. पुरुष घरात गेले आणि एकेक लाकूड खांद्यावर घेऊन आले. कोणी मला विचारलं नाही की कधी मेली, कशी मेली. आम्ही रांगेनं नाला ओलांडून मसणात गेलो. पाच महिन्यांपूर्वीची जागा अजून काळी होती, मधे गवत उगवलं होतं. तिथं त्यांनी लाकडं रचली. रूपरावांनी आग दिली. नुसती लाकडं जळाली. मी शेवटपर्यंत बसलो.

परत येताना रुख्माबाई माझ्याबरोबर होती. मसणात ती आली होती, तिला कोणी अडवलं नव्हतं. आम्ही नाल्यापर्यंत आलो. तिथं आमच्या वाटा वेगळ्या होत होत्या. मला राहवलं नाही. म्हणालो, "मावशी, तिनदा द्यायची असते. माह्यानं दोनदाच झाली. तरी तुमी मानली. उपकार झाले."

ती थांबली. डोळे पुसले.

"तिनदा झाली," ती म्हणाली.

"नाई मावशी. तिसऱ्यांदा माहा आवाजच निंगला नाई."

"तुहा नाई निंगला. तिसरी तिनं देल्ली. तुह्या बाजूले उभी होती, डोक्यावरचा पदर काढून. सगळ्या टोल्यानं ऐकली."

तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"तुले नाई आली का ऐकू?"