दुपारी न झोपलेलं मशीन

"मावशी, आत्ताच्या आत्ता या. पाचच्या आत मला पुरावा हवाय," मालक फोनवर म्हणाले.

"कुणाविरुद्ध?"

"माझ्या भाचीविरुद्ध."

मावशी म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई. वय पन्नाशीचं, चष्मा जाड, आणि स्वभाव असा संशयी की स्वतः लावलेलं कुलूपही ती तीनदा ओढून बघायची. ती पोचली तेव्हा चार वाजून गेले होते.

कारखाना कृत्रिम पायांचा. भाचीने दोन वर्षं खपून गुडघ्याचा नवा सांधा आखला होता. मंगळवारी दुपारी एक वाजून छत्तीस मिनिटांनी तो आराखडा तिच्याच मशीनवरून, तिच्याच मेलमधून प्रतिस्पर्ध्याकडे गेला होता. आज ते उघडकीला आलं. मालकांनी सकाळीच आपल्या थोरल्या बहिणीला फोन करून 'तुझी लेक चोर निघाली' असं सुनावलं होतं. पाचला तिच्या हातात द्यायचं म्हणून कामावरून काढल्याचं पत्र सहीसकट मालकांच्या टेबलावर पडलं होतं.

"सरळ गोष्ट आहे," मालक म्हणाले. "पाच मिनिटं हात लागला नाही की इथलं प्रत्येक मशीन झोपतं. मीच तसं करून घेतलंय, दुसऱ्या कुणाला ते बदलता येत नाही. उठवायला पासवर्ड लागतो आणि तिचा पासवर्ड फक्त तिलाच ठाऊक. मग दुसरं कोण?"

"आणि तो पडदा कसला?"

भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे एक दिवा होता. मशीन जागं असलं की हिरवा, झोपलं की लाल. मालकांचं सगळं लक्ष त्या दिव्यांवर. "माझा मेव्हणा बघा," ते कौतुकाने म्हणाले. "व्यवस्थापक कसा असावा? सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, दिवा कधी लाल म्हणून होत नाही."

मावशीने फक्त मान हलवली. मग ती भाचीच्या खोलीत गेली. डोळे सुजलेले, पण मुलगी ताठ बसली होती.

"मंगळवारी जेवायच्या सुट्टीत कुठे होतीस?"

"मागच्या जिन्यात. एकटीच डबा खाल्ला. एकला गेले, एक पन्नासला आले."

"कुणी पाहिलं?"

"नाही."

"मशीनवर काय चालू होतं?"

"सांध्याची चाचणी. सांधा लाख वेळा वाकवून बघायचा, हिशेबात. दोन तास लागतात, म्हणून पावणेबाराला लावते. रोज माझी पंचाईत होते. जेवून येते तो मशीन झोपलेलं आणि चाचणी अर्ध्यावर अडकलेली. मामांना दहादा सांगितलं, ऐकत नाहीत."

"आणि मंगळवारी?"

ती थबकली. "मंगळवारी आले तेव्हा चाचणी पुरी झाली होती. मला बरं वाटलं. का, ते डोक्यातच आलं नाही."

मावशीच्या डोक्यात मात्र ते चांगलंच आलं. तिने मशीनमधल्या नोंदी उघडल्या आणि बराच वेळ वाचत बसली. मग शेजारच्या खोलीत, पायांचे प्लास्टरचे साचे करणाऱ्या साचेवाल्याकडे गेली. त्याचं आणि भाचीचं आदल्याच आठवड्यात कडाक्याचं भांडण झालं होतं.

"मंगळवारी जेवलात कुठे?"

"साहेबांबरोबर. साहेब, त्यांचे मेव्हणे आणि मी. एक ते दीड. कुणी जागचं उठलं नाही."

"दीडनंतर?"

"मी गेलो बाहेर विडी ओढायला. मेव्हणे गेले हात धुवायला." त्याने कोपरापर्यंत प्लास्टरने माखलेले हात पुढे केले. "माझ्यावर संशय आहे का?"

"माझा सगळ्यांवरच असतो. घड्याळ नाही वापरत?"

"या हातांवर कसलं टिकतंय?"

पावणेपाचला मावशीने चौघांना भाचीच्या खोलीत जमवलं.

"मंगळवारी हे मशीन एकपासून जागं होतं," ती म्हणाली. "रोज एक वाजून पाच मिनिटांनी झोपतं, त्या दिवशी झोपलं नाही."

"साहजिक आहे," मेव्हणा म्हणाला. "चाचणी चालू होती ना. मशीन कामात होतं."

"चाचणी रोजच चालू असते, तरी ते झोपतं. मशीन किती राबतंय यावर त्याची झोप ठरत नाही. ते दोनच गोष्टी बघतं. माणसाचा हात हलतोय का, आणि एखाद्या अ‍ॅपने 'मला झोपवू नको' असं सांगून ठेवलंय का. सिनेमा लावला तर ते अ‍ॅप तसं सांगतं. हे चाचणीचं जुनं अ‍ॅप सांगत नाही. मंगळवारी दुसऱ्या कुठल्याही अ‍ॅपने सांगितलेलं नाही, नोंदी पाहिल्यात मी. म्हणजे माऊस हलत होता."

"तिनेच हलवला असेल," मालक म्हणाले.

"कशाला, साहेब? तिला पासवर्ड ठाऊक आहे. ज्याच्या खिशात किल्ली आहे, तो दार मिटू नये म्हणून फटीत पाचर मारत बसेल का? पाचर मारली ती किल्ली नसलेल्याने."



"पण एक ते दीड आम्ही तिघं एका टेबलावर होतो," साचेवाला म्हणाला.

"म्हणून तर हात नको होता. हलणारं काहीतरी हवं होतं." मावशी मेव्हण्याकडे वळली. "जरा घड्याळ देता?"

"कशाला?"

"दे रे," मालक म्हणाले.

मावशीने ते काटेवालं घड्याळ टेबलावर उताणं ठेवलं आणि त्यावर माऊस ठेवला. माऊसखालच्या दिव्याला सेकंदकाटा सरकताना दिसत होता. पडद्यावरचा बाण थरथरायला लागला. कुणाचाच हात माऊसवर नव्हता.

"साहेबांचं घड्याळ आकड्यांचं. साचेवाला वापरत नाही. हिच्या मनगटावर काही नाही."

"म्हणून मी चोर?" मेव्हणा हसला. "काटेवाली घड्याळं गावभर आहेत."

"खरंय. पण साहेब, हे रोज तुमच्याबरोबर जेवतात. मग त्या अर्ध्या तासात ह्यांचा दिवा हिरवा कसा?"

मालक मेव्हण्याकडे वळले.

"रोज एकला ह्यांचं घड्याळ ह्यांच्याच माऊसखाली जातं. जेवण होतं, मग केबिनमध्ये झोप होते, आणि तुम्ही हिरवा दिवा बघून खूश. त्या पडद्याच्या नोंदीही मी पाहिल्या. दोन वर्षांत ह्यांचं मशीन दुपारी एकदाच झोपलंय. मंगळवारी, एक पाच ते एक चाळीस. त्या दिवशी ही डबा घेऊन गेल्याबरोबर, तुमच्या टेबलावर यायच्या आधी, ह्यांनी घड्याळ इथे ठेवलं. दीडला उठून हे आले, आराखडा पाठवला, घड्याळ उचललं."

मेव्हण्याने माऊसखालचं घड्याळ ओढून घेतलं. "दाजी, सात वर्षं मी इथे तुमचा मेव्हणाच राहिलो," तो शेवटी म्हणाला. "त्या प्रतिस्पर्ध्याने भागीदारी देऊ केली. आणि ही इथे असेपर्यंत माझं पुढे काही होणार नव्हतं."

मालकांनी त्याला दाराकडे बोट दाखवलं. मग टेबलावरचं पत्र आणून त्यांनी भाचीसमोर फाडलं. तिच्याकडे बघायची त्यांना लाज वाटत होती.

"मामा, तुम्ही दिव्याला विचारलंत," ती म्हणाली. "मला नाही विचारलंत."

त्यांनी फोन काढला. पलीकडून बहिणीचा आवाज आला.

"अक्का, चूक माझी झाली. तिने काही केलेलं नाही."



"हे मला काय सांगतोस?" अक्का म्हणाली. "सकाळपासून ती उपाशी आहे. तिला आधी जेवायला घाल."