हौसाबाईची फळी

मे महिन्यात लाइट गेली की घरात बसवत नाही, म्हणून आम्ही टॉवरच्या गेटवर बसलेलो. कोपरच्या खाडीकडचा आमचा टॉवर. दामाजीकाका इथल्याच कोळीवाड्यातले. अंधार आणि चार पोरं मिळाली की सुटतात.

“तुमच्या पंपवाल्या तानाजीची गोष्ट. पुतण्या माझा. खोटं बोलत नाय तो.”

“तुम्ही बोलता ना पण,” मी म्हणालो. शेजारी बसलेला दर्शन फिस्सकन हसला.

“जल्लं तुझं तोंड! कॉलेज सोडलेल्यानं गप ऱ्हावं.”

मग त्यांनी सांगायला घेतलं.

गेल्या सर्वपित्री अमावास्येची रात्र. तानाजीची बायको विठ्ठलवाडीला माहेरी, बाळंतपणाला. म्हणून त्यानं चार वर्षांच्या पायलला तळघरातल्या पंपाच्या खोलीतच झोपवलेलं. पाणी उपसायच्या पंपाचं डिझेल संपत आलं, तसा कॅन घेऊन तो स्कूटरवरून निघाला. घाई नव्हती. अमावास्येचं उधाण इथवर यायला मध्यरात्र होते, हे त्याला आत्यानं शिकवलेलं. आत्या म्हणजे हौसाबाई, काकांची बहीण. टॉवरच्या जागी पूर्वी यांचंच भातशेत होतं, खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत. त्याच्या बांधाला पाण्याचं दार होतं, उघाडी म्हणतात तिला. हौसाबाई भरतीला तिथं फळी घालायची, ओहोटीला उचलायची.

“पण तो हिशेब तिवरांचं रान व्हतं तवाचा,” काका म्हणाले. “पाणी तिवरांतून दमत दमत यायचं. आता सगळा भराव. अडवतंय कोण?”

“भराव टाकायच्या आधी नारळ कोणी फोडलेला, काका?”

काका तंबाखू मळत राहिले. यांचं हे नेहमीचं. खाजण यांनी द्यायचं, आणि खाडी कशी होती ते आम्हाला ऐकवायचं.

तानाजी परत आला. रॅम्पच्या तोंडाशी थबकला. खाली पाणी चकाकत होतं. गटार उलटं वाहत होतं.

“पायल!”

तो पाण्यात उतरला.

पाणी गुडघ्याला. मग मांडीला. पंप बंद. आडव्या पडलेल्या स्कूटरी पायाला लागत होत्या. चिखलाचा वास. खाडीचा.

“पायल…”

मग आवाज आला. बाईचा. दमलेला.

“फळी कुनी काढली रं…?”

हौसाबाईला जाऊन सहा वर्षं झालेली.

तानाजी पुढं सरकला. खोलीचं दार. हात लाकडाला लागला. दारात आडवी फळी. जाड. मांडीइतकी उंच. बाहेर पाणी. आत…

आत कोरडं. पायल झोपलेली.

काका थांबले.

“फळी तुम्हीच नेऊन ठेवली असणार,” मी म्हणालो. “बहिणीच्या घरात पडलेली असेल.”

“उघाडी फळ्यांसकट गाडली, पोरा. भरावात. मी उभा व्हतो तिथं.”

“थापा.”

“मग जा की खाली. हाय अजून.”

गेलो. मोबाइलच्या टॉर्चवर. तळघर ठणठणीत कोरडं, पावलागणिक धूळ उडत होती. पंपाच्या खोलीत फळी भिंतीला टेकवलेली. तिला कालवं चिकटलेली, खाडीतल्या दगडांना चिकटतात तशी. आठ महिने पाण्याबाहेर. मेलेलीच असणार, म्हटलं.

एक शिंपला किंचित उघडा होता. मी बोट लावलं.

तो मिटला.