पंखा सुरू होईपर्यंत

धुळ्याच्या बसस्टँडवर ती मुलगी ओल्या पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी मांडीवर घेऊन बसली होती. मधूनच बाटलीतलं पाणी ओंजळीत घ्यायची, त्यावर शिंपडायची, आणि तापलेल्या बाळाच्या कपाळाला लावावा तसा हात लावून बघायची.

मे महिना होता. बाकाचं लोखंडही हात लावू देत नव्हतं. शेजारी बसलेला प्रशील एरवी अनोळखी माणसाशी बोलणारा नव्हता. पण त्याला राहवलं नाही.

"लोणी आहे का?"

"नाही."

"मग... औषध?"

"कॉम्प्युटर आहे."

तो हसला. मग ती हसत नाहीये हे पाहून गप्प झाला. तिनं पंच्याची एक घडी उलगडली. आत प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत तळहाताएवढी हिरवी पट्टी... एकाच पट्टीवर अख्खा कॉम्प्युटर मावलेला. प्रशील धुळ्याच्या एका कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळायचा. असल्या पट्ट्या त्याच्या रोजच्या हातातल्या.

"फार तापतो हो," ती म्हणाली. "चालता चालता बंदच पडतो. आबा म्हणाले, ओल्या फडक्यात ने, वाटेत ताप चढायला नको."

"पण आत्ता तर तो बंद आहे ना?"

"हो."

"बंद असताना कसा तापेल?"

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग त्या गाठोड्याकडे. मग असं काही हसली, की पलीकडच्या बाकावरच्या बाईनं मान वळवली.

"दुरुस्तीच्या दुकानदारानं हे नाही सांगितलं," ती म्हणाली. "त्यानं फक्त नवीन घ्या म्हटलं."

तेव्हा प्रशीलचं लक्ष तिच्या आवाजाकडे गेलं. जरा खालच्या पट्टीतला, स्वच्छ; प्रत्येक शब्दाला ऐसपैस जागा देणारा आवाज.

तिचं नाव संघमित्रा. शिंदखेड्याला शाळेत शिकवायची. आणि ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायची. पण हा कॉम्प्युटर ऐन प्रकरणाच्या मध्यावर डोळे मिटायचा, आणि वाचलेलं सगळं जायचं.

"रविवारी... मी येऊन बघू का?" प्रशील म्हणाला. आणि हे आपणच बोललो का, म्हणून स्वतःच दचकला.

रविवारी तो गेला. तिचे वडील, पितांबर आबा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. यंत्राची कदर करणारा माणूस. त्यांनी कॉम्प्युटरला घरातली मानाची जागा दिली होती: कूलरच्या अगदी पुढ्यात. वाळ्याच्या वासाची गार हवा आधी त्याला, मग उरली तर माणसांना.

"जयभीम, आबा," प्रशील म्हणाला, आणि पट्टीच्या कडेच्या पिना उजेडाकडे धरल्या. त्यांच्यावर हिरवट गंज धरू लागला होता. "कूलरची हवा ओली असते आबा. आपल्याला बरी वाटते. याला बाधते."

"मंग येले काय लस्सी पाजू?"

"पंखा लावू. छोटासा, याच्यापुरता."

त्यानं आगपेटीएवढा पंखा बसवला, गंज हलक्या हातानं पुसला, कॉम्प्युटर कूलरपासून लांब खिडकीतल्या कपाटावर ठेवला. बाजूला एक बटणही जोडलं.

"आजवर बंद कसा करायचात?"

"वायर ओढून," संघमित्रा म्हणाली.

"तसं नाही करायचं. तो काहीतरी लिहीत असतो आत. एकदम वीज गेली की अर्ध्यात सुटतं, पुढे सगळंच बिघडतं. हे बटण दाबायचं... आणि थांबायचं. तो हातातलं आवरतो, मग आपणहून दिवा मालवतो. घाई नाही करायची."

"घाई नाही करायची," ती म्हणाली. शाळेत मुलांकडून वदवून घेतात तसं. प्रशीलचे कान लाल झाले.

कॉम्प्युटर बंद पडायचा थांबला. पण आता वेगळंच झालं. प्रशीलच्या गावी, नशिराबादला, शेजारी कौतिक नाना राहायचे. त्यांची नजर गेलेली. प्रशीलनंच त्यांना संघमित्राचं रेकॉर्डिंग फोनवर लावून दिलं होतं. नानांनी ऐकलं आणि निरोप धाडला: वाचन झकास, पण बाई पिठाच्या गिरणीत बसून वाचतात का?

तो आगपेटीएवढा पंखा माइकपाशी गिरणीसारखा गरगरत होता. प्रशील पुढच्या रविवारी पुन्हा शिंदखेड्याला.

"सरळ विजेला जोडला म्हणून सारखा फिरतो," तो सांगू लागला. "आता कॉम्प्युटरच्याच हातात देतो. तापला तरच फिरवेल. साठ अंशांवर सुरू, साठच्या खाली बंद."

आणि पंखा सुरू झाला. थांबला. सुरू झाला... थांबला. उचकी लागल्यासारखा.

आबा चष्मा वर करून बघत होते. "येले काय व्हयनं आते?"

"चूक माझी आहे," प्रशील ओशाळून म्हणाला. "सुरू व्हायचं आणि थांबायचं तापमान एकच ठेवलं. दोन्हींत अंतर लागतं. साठला सुरू, पन्नासला बंद, असं. नाहीतर तो धड सुरूही होत नाही, धड थांबतही नाही."

"असतात असे काही," संघमित्रा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "दारापर्यंत येतात, काहीतरी बोलायला तोंड उघडतात... आणि पाणी मागतात."

प्रशीलच्या हातात त्या वेळी पाण्याचा ग्लासच होता. तो त्यानं जपून खाली ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यानं स्क्रूड्रायव्हर उचलला.

असे रविवार होत गेले. कधी पंख्याचा वेग पायरीपायरीनं वाढेल असा करायचा होता, कधी वीज गेली तर कॉम्प्युटरला आवरायला वेळ मिळावा म्हणून छोटी बॅटरी जोडायची होती. ती वाचायची, तो कानाला हेडफोन लावून पंख्याचा आवाज शोधायचा. शोधता शोधता तिचा श्वास ऐकू यायचा, पान उलटण्याआधीचा, किंचित रोखलेला. पंख्याचा आवाज शोधणारा हा माणूस मग पुष्कळ वेळ काहीच शोधत नसे.

आणि एका रविवारी सगळं जमलं. माइकला तिचा आवाज येत असेतो पंखा गप्प. प्रकरण संपून ती थांबली, की हळूच फिरायचा, निवला की थांबायचा. वाचनात तिच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. प्रशीलनं हेडफोन काढले. काम संपलं होतं, आणि त्याबरोबर शिंदखेड्याला यायचं कारणही.

आपण पंख्यासाठी येणारा माणूस, त्याला वाटलं. पंखा झाला. आता उगाच बसून राहणं बरं दिसणार नाही.

"कसाले जास भाऊ? जेवीसन जाय," आबा म्हणाले.

"नको आबा... गाडी जाईल."

संघमित्रा दारापर्यंत आली. "गाड्या भरपूर आहेत शिंदखेड्याहून."

"हो, पण..."

"कॉम्प्युटरला एकदम बंद करू नका, हातातलं आवरू द्या, म्हणता. आणि स्वतः?"

त्यानं चपला पायात घातल्या. उत्तर सुचलं ते बस सोनगीर ओलांडून गेल्यावर, आणि तेही फारसं चांगलं नव्हतं.

पाऊसपाणी झालं. हवा गार झाली. प्रशील फोन हातात घ्यायचा, 'कॉम्प्युटर ठीक?' एवढं लिहायचा. 'ठीक' एवढंच उत्तर यायचं. पंखा अजून खडखडत असता तर बरं होतं, असं त्याच्या मनात येई. मग त्याची लाजही वाटे.

गावी गेला तेव्हा कौतिक नानांनी त्याला ओट्यावर बसवून घेतलं.

"तुझी गिरणी थांबली बरं का. पण बाईंचं काहीतरी बिनसलंय."

"काय बिनसलंय? चुकतात वाचताना?"

"चुकत नाहीत. थांबतात. पूर्वी प्रकरण संपलं की जरा थांबायच्या, पंखा भुर्रर्र करायचा, त्या हलकंच हसायच्या, मग पुढचं प्रकरण. ते हसू कापायचं राहून जात असेल. मला आवडायचं. आता थंडाव्यात पंखा फिरतच नाही. पण त्या थांबतात. खूप वेळ. कशाची तरी वाट बघत असल्यासारख्या..." नानांनी त्याच्या दिशेनं चेहरा केला. "बाबा रे, त्या पंख्याची कोण एवढी वाट बघतं?"

 रात्री प्रशीलनं ते रेकॉर्डिंग लावलं. एरवी तो आवाजात पंखा शोधायचा. त्या रात्री पहिल्यांदा त्यानं शांतता ऐकली.

रविवारी तो शिंदखेड्याला उतरला तेव्हा त्याच्याकडे पिशवी नव्हती, स्क्रूड्रायव्हर नव्हता. हातांचं काय करावं हेच कळत नव्हतं. घराच्या खिडकीतून तिचा वाचण्याचा आवाज येत होता. मध्येच हाक मारली तर ती रेकॉर्डिंगमध्ये जाईल, म्हणून तो पायरीवर बसून राहिला. प्रकरण संपलं. आवाज थांबला... थांबलेलाच राहिला.

तो उठून खिडकीपाशी गेला.

तिनं वर पाहिलं. आधी चेहरा उजळला. मग तिनं तो आवरला. "काय बिघडलंय?"

"काही नाही."

"मग? काही जोडायचं राहिलंय?"

"नाही. कामच नाहीये काही."  या वेळी त्यानं पाणी मागितलं नाही. "कामाशिवाय आलोय. तुमच्यासाठी. हे मी... पहिल्याच रविवारी म्हणायला हवं होतं."

 ती बोटानं पुस्तकाचा कोपरा दुमडत होती, सरळ करत होती.

"शेवटी सुरू झाला म्हणायचा," ती हळूच म्हणाली. "आणि थांबायचं तापमान? ते किती ठेवलंय?"

"ते ठेवलेलंच नाही."

आतून आबांचा आवाज आला, "कोन ऊना वं? पंखावाला का?"

"नाही आबा," ती म्हणाली. डोळे मात्र खिडकीवरच. "प्रशील आलेत. जेवून जाणार आहेत."

तो आत आला. माइक अजून चालूच होता. संघमित्रानं जीभ चावली. मग रेकॉर्डिंग थांबवलं आणि बाजूचं ते बटण दाबलं.

"थांबा," ती म्हणाली. "हातातलं आवरू दे त्याला."

दोघं कपाटाशी उभे राहिले. हिरवा दिवा लुकलुकत होता. त्याला जितका वेळ लागायचा तितका लागला, आणि मग तो आपणहून मालवला. तरी दोघांपैकी कुणीच जागचं हललं नाही.