जड बाजू

दसरा सरला, अकोल्यात कापसाच्या गाड्या दिसू लागल्या, की जिनिंगवाल्यांना आपल्या मशिनी आठवतात. वर्षभर काय झोपा काढतात कोण जाणे. एकसष्ट सालीही तेच. ताजनापेठेतल्या आमच्या वर्कशॉपात दसऱ्याच्या दुसऱ्याच सकाळी एका जीनचा, म्हणजे सरकी काढायच्या मशीनचा, शाफ्ट घासायला आला. मी तिथला फोरमन.

या शाफ्टचं पोट एका अंगाला सुटलेलं. दोन सेंटरांमध्ये, म्हणजे मशीनच्या दोन टोकदार खिळ्यांमध्ये, धरून हात सोडला की जड बाजू झुलत खाली येते. मग उलट बाजूला वजन बांधायचं, हातानं एक फेरा देऊन शाफ्ट घासायच्या चाकाला अडत नाही ना ते पाहायचं, मगच मशीन सुरू करायची. घाई केली की जिवाशी गाठ. आमच्या जुन्या कारागिरानं, पुंजाजीनं, कधीच घाई केली नाही. तरी गेल्या दसऱ्यानंतर याच मशीनवर घासायचं चाक फुटलं आणि तो जागीच गेला. का फुटलं, कुणालाच कळलं नाही.

आता मशीनवर त्याचा मुलगा जानराव होता. आदल्या दिवशी पूजेला आलेल्या त्याच्या आईनं, दुर्गाबाईनं, मला बाजूला घेतलं. "भाऊ, एक तं गेला. याले सांभाळजा." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

जानरावानं शाफ्ट चढवला, जड बाजू वर घेऊन हात सोडला. ती वरच राहिली.

सेंटर आवळले असतील म्हणून मी ते सैल केले, तेल सोडलं. जड बाजू ओढून खाली आणली. ती सावकाश परत वर गेली आणि थांबली.

मी असलं काही मानत नाही. तरी हात मागे घेतला.

"बाबा धरून राहिले," जानराव हळूच म्हणाला.

मी त्याला गप्प केलं आणि सगळं तपासलं. राहिलं फक्त चाक. नवं चाक वाजवूनच चढवतात, चढवलेलं कोण वाजवतो? मी उतरवून लाकडी मुठीनं ठोकलं. चांगलं चाक खणखणतं. हे भद्द वाजलं.

पूजेचं कुंकू पुसलं. खाली केसाएवढी चीर होती.

काल मालकांनी, उत्तमरावांनी, मोठ्या भक्तीनं नारळ चाकावरच आपटून फोडला होता.

"मांगच्या सालीबी नारय तिथंच फोडला होता," जानराव म्हणाला.

मी चिरलेलं चाक भिंतीला टेकवून ठेवलं.

नवं चाक वाजवून चढवलं. जड बाजू खाली आली. झुलत नाही, झोपलेलं लेकरू ठेवावं तशी, हळू.

मी शाफ्टवरून हात फिरवला. लोखंड गार होतं. जड बाजूखाली तळहाताएवढी जागा मात्र कोमट लागली.

जानरावाला मी काही सांगितलं नाही. वजन बांधताना शाफ्ट हलू नये म्हणून त्यानं जड बाजूखाली हात घातला, आणि तो तसाच ठेवून उभा राहिला.